बारावीनंतरची शिष्यवृत्ती: फॉर्म उघडण्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

पोरगं हुशार आहे, शिष्यवृत्तीत बसतंय, फॉर्मही भरलाय, पण पैसे काही आले नाहीत. विदर्भातल्या गावांत हे दरवर्षी ऐकायला मिळतं. खोलात गेलं की कारण बहुतेक वेळा फॉर्मच्या आधीचं निघतं. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षीचा असतो, आधारवरचं नाव टीसीपेक्षा वेगळं असतं, बँकेचं खातं भलत्याच ठिकाणी जोडलेलं असतं, नाहीतर जात वैधतेचा अर्जच केलेला नसतो.

हा लेख दहावी ते बारावीच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. यात क्रमाला महत्त्व आहे. मधला टप्पा गाळून पुढे गेलात तर ऐन मुदतीच्या दिवशी परत तिथेच यावं लागेल, आणि तेव्हा तहसीलमध्ये रांग असेल.

## 1. आपण कोणत्या योजनेत बसतो ते ठरवा

पहिला गैरसमज म्हणजे शिष्यवृत्ती डिग्रीला गेल्यावरच मिळते. तसं नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती दहावीनंतर, म्हणजे अकरावीपासूनच लागू होते. गावातल्या ज्युनिअर कॉलेजात शिकणारी कितीतरी मुलं ही दोन वर्षं अशीच घालवतात.

अनुसूचित जाती, नवबौद्ध आणि अनुसूचित जमाती: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. त्याहून जास्त असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची योजना, जिला सगळे फ्रीशिप म्हणतात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला दहावीत 75 टक्के किंवा जास्त असतील तर अकरावी-बारावीसाठी राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्तीही आहे, दरमहा 300 रुपये, दहा महिने. रक्कम छोटी वाटते, पण वह्या-पुस्तकं त्यात निघतात.

ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग: यांच्या स्वतंत्र योजना आहेत. उत्पन्नाची मर्यादा योजनेच्या पानावर त्या वर्षीची पाहा, मागच्या वर्षी शेजाऱ्याने सांगितलेली धरू नका. दहावी पास होऊन विज्ञान शाखेत गेलेल्यांनी नागपूरच्या महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेची जाहिरात पाहत राहावी. जेईई, नीट, सीईटीचं मोफत प्रशिक्षण आणि टॅबलेट तिथून मिळतो, पण अर्ज अकरावीच्या सुरुवातीलाच मागवतात.

खुला प्रवर्ग, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग): व्यावसायिक अभ्यासक्रमाला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, उत्पन्न आठ लाखांपर्यंत, शिक्षण शुल्काच्या निम्मी रक्कम. बाहेरगावी राहून शिकणाऱ्यांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. या भत्त्यात अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांचा वेगळा विचार आहे. आपले बहुतेक कास्तकार यात बसतात, पण अल्पभूधारकाचा दाखला काढलेलाच नसतो.

मुली: 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. पण "मुलींना फी नाही" एवढंच ऐकून फॉर्म न भरणं ही मोठी चूक आहे. माफी अर्जावरच मिळते. वसतिगृह, मेस, पुस्तकं आणि कॉलेजचे इतर आकार त्यात येत नाहीत, तो खर्च धरूनच घरात हिशेब करा.

बीए, बीएससी, बीकॉमला जाणारे: केंद्राची महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आहे. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी वर्षाला 12,000 रुपये, उत्पन्नाची मर्यादा साडेचार लाख. अट 80 पर्सेंटाइलच्या वरची आहे, आणि 80 पर्सेंटाइल म्हणजे 80 टक्के नव्हे. तुमच्या शाखेत, तुमच्याच बोर्डात, शंभरातली ऐंशी मुलं तुमच्या मागे असली पाहिजेत. प्रत्येक शाखेचा कटऑफ वेगळा असतो. "मला 76 टक्केच आहेत" म्हणून स्वतःच माघार घेऊ नका, आधी कटऑफ पाहा.

> लक्ष द्या: एकाच शिक्षणासाठी दोन सरकारी शिष्यवृत्त्या सहसा घेता येत नाहीत. कागदावर मांडा: कोणत्या योजनेत फी किती सुटते, हातात किती येतात. इंजिनिअरिंगला गेलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याने 12,000 साठी पूर्ण फीची योजना सोडणं म्हणजे निव्वळ तोटा.

## 2. सगळ्या कागदांवरचं नाव एक करा

हे काम दहावीतच सुरू करा. आधार, दहावीची मार्कशीट, शाळेचा दाखला, जातीचा दाखला आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवा. विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख, एकेक अक्षर लावून पाहा.

आपल्याकडे घोळ ठरलेल्या जागी होतो. आधारवर वडिलांचं नाव "ज्ञानेश्वरराव", टीसीवर "ज्ञानेश्वर". पासबुकावर वडिलांचं नाव गायब, नुसतं नाव आणि आडनाव. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी डबल ओ, दुसरीकडे यू. आईचं नाव माहेरचं की सासरचं, याचा तर पत्ताच नसतो. माणसाला हा सगळा एकच मुलगा दिसतो, संगणकाला दोन दिसतात.

नियम सोपा ठेवा: दहावीची मार्कशीट प्रमाण माना आणि बाकी कागद तिच्याप्रमाणे करून घ्या. मार्कशीटमध्येच चूक असेल तर दुरुस्ती शाळेमार्फत नागपूर किंवा अमरावती विभागीय मंडळाकडे जाते, त्याला वेळ लागतो. म्हणून दहावीचा परीक्षा फॉर्म भरतानाच शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद वाचून घ्या. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. घाईत चुकीची दुरुस्ती केलीत तर ती संधी जाते.

## 3. आधार, मोबाइल आणि बँक

अर्ज मंजूर होऊनही पैसे अडकतात ते इथे, म्हणून या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या.

मोबाइल नंबर. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवरच येतो. तो नंबर काकांचा, दुकानदाराचा किंवा बंद पडलेला असेल तर आधार केंद्रावर जाऊन बदला. घरात कायम चालू राहील असा नंबर द्या. रिचार्ज संपला म्हणून सिम बदलायची सवय असेल तर शिष्यवृत्ती संपेपर्यंत ती सोडा.

बायोमेट्रिक. वयाची 15 वर्षं पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने द्यावी लागते. लहानपणी काढलेलं आधार तसंच राहिलं असेल तर ठसा किंवा चेहरा जुळत नाही, आणि राष्ट्रीय पोर्टलवर एकदाच करायच्या नोंदणीत चेहऱ्याची ओळख लागते.

खातं. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं हवं. वडिलांचं चालत नाही. "माझं आधार बँकेला जोडलंय" एवढ्यावर थांबू नका, कारण बँकेत आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि थेट लाभासाठी (डीबीटी) खातं एनपीसीआयच्या, म्हणजे राष्ट्रीय देयक महामंडळाच्या, यादीत जोडणं (सीडिंग) वेगळं. सरकारी पैसा आधार नंबर पाहून जातो, खाते क्रमांक पाहून नाही. आधारला शेवटी जे खातं जोडलं असेल तिथे तो जमा होतो. सिमकार्ड घेताना दुकानात अंगठा दिला आणि एखाद्या पेमेंट बँकेचं खातं आपसूक उघडलं, असं खूप मुलांच्या बाबतीत होतं. मग पैसे तिकडे जातात आणि पोरगं जिल्हा बँकेचं पासबुक भरून भरून थकतं.

बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म मागा, "डीबीटीसाठी" असं स्पष्ट सांगा, आणि पोच घ्या. बँक दूर असेल तर पोस्टमनकडून पोस्ट पेमेंट बँकेचं खातं गावातच उघडता येतं, तेही आधारला जोडता येतं. खातं शून्य शिलकीचं असलं तरी अधूनमधून शंभर-पन्नास रुपये टाका आणि काढा. दोन वर्षं व्यवहार झाला नाही तर खातं निष्क्रिय होतं.

> तपासा: मायआधारच्या संकेतस्थळावर आधार नंबर आणि ओटीपी टाकून बँक सीडिंग स्टेटस उघडा. तिथे बँकेचं नाव दिसलं पाहिजे आणि स्थिती सक्रिय असली पाहिजे. नाव तुमच्याच बँकेचं आहे का, हे नीट वाचा. स्क्रीनचा फोटो काढून तारखेसह जपून ठेवा.

## 4. तहसीलचे दाखले

उत्पन्नाचा दाखला. 1 एप्रिलनंतर काढा, म्हणजे नुकत्याच संपलेल्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न त्यावर येईल. 31 मार्चपर्यंतची मुदत लिहिलेला जुना दाखला जूनमध्ये जोडला की अर्ज परत येतो. आधी पटवाऱ्याकडून उत्पन्नाचा अहवाल, मग रेशन कार्ड, सातबारा किंवा मजुरीचं स्वयंघोषणापत्र आणि आधार घेऊन सेतू केंद्र. एप्रिल-मे हा काळ मोकळा असतो. जूनमध्ये पेरणीची घाई, पीककर्जाची कागदं आणि निकाल एकाच वेळी येतात.

उत्पन्न खरं सांगा. वडील नोकरीत असतील तर पगाराचा कागद जोडा. मोठ्या बहिणीच्या दाखल्यावर एक आकडा आणि धाकट्या भावाच्या दाखल्यावर त्याच वर्षाचा दुसरा आकडा असला की दोघांचेही अर्ज अडकतात.

नॉन क्रिमिलेअर, म्हणजे कुटुंब प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखला. ओबीसी, विमुक्त जाती-भटक्या जमाती (विजाभज), विशेष मागास प्रवर्ग (विमाप्र) आणि एसईबीसीसाठी. याला तीन वर्षांच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो आणि हे उपविभागीय अधिकाऱ्यांकडून येतं, म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यापेक्षा उशीर लागतो. त्यावरची मुदतीची तारीख पाहा.

जात आणि अधिवास. हे दाखले एकदाच काढायचे, पण बारावीच्या सुट्टीची वाट पाहू नका.

सेतू केंद्रावर अर्ज दिला की टोकन क्रमांक छापलेली पावती मागून घ्या. दाखल्यांना लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली ठरलेली मुदत आहे. मुदत उलटली तर त्याच क्रमांकावर अपील करता येतं. पावती नसेल तर तुमच्या फेऱ्यांना काही पुरावा राहत नाही.

## 5. जात वैधता: अकरावीतच अर्ज

राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला तपासणी समितीने खरा ठरवल्याचं प्रमाणपत्र, लागतं. विज्ञान शाखेच्या मुलांचे अर्ज ज्युनिअर कॉलेजमार्फत जातात, तेव्हा अकरावीतच कार्यालयात विचारा. बारावीच्या निकालानंतर धावपळ करणाऱ्याला समितीची तारीख मिळणंच अवघड होतं.

अडचण जुन्या पुराव्याची असते. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसी व विमाप्रसाठी 13 ऑक्टोबर 1967, या तारखांच्या आधीची जातीची नोंद सर्वांत भक्कम धरली जाते. ती बहुधा आजोबा-पणजोबांची असते. शोधायची कुठे? आजोबा शिकले असतील तर त्यांच्या प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये. शिकले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद. अर्ज देताना आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, मौजा आणि अंदाजे साल लिहून द्या. नुसतं "नक्कल पाहिजे" म्हटलं तर कोणी बस्ता सोडत नाही. ही रजिस्टरं जीर्ण झालेली असतात, पानं सुटलेली असतात, म्हणून नक्कल मिळाली की तिच्या दोन-तीन प्रमाणित प्रती घेऊन ठेवा. पुढे भावंडांना, चुलतभावांना तीच कामी येते.

काकाची किंवा चुलतभावाची वैधता आधीच झाली असेल तर वंशावळीच्या शपथपत्रासह ती जोडा. रक्ताच्या नात्यातली वैधता हा मोठा आधार ठरतो. जमातीच्या दाव्यांसाठी वेगळ्या तपासणी समित्या आहेत आणि विदर्भात त्या नागपूर, अमरावती, गडचिरोली अशा ठिकाणी आहेत. जिल्हा समितीकडे चुकून अर्ज गेला तर महिने वाया जातात.

## 6. प्रवेश घेतानाच शिष्यवृत्तीचा विचार करा

शिष्यवृत्ती प्रवेशानंतरची गोष्ट वाटते, पण इथेच ती हातची जाते. व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून घ्या. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला या योजना मिळत नाहीत. कॉलेजचा माणूस गावात येऊन "सीट पक्की, शिष्यवृत्ती आम्ही बघू" म्हणतो, तेव्हा त्याला एकच प्रश्न विचारा: हा प्रवेश कोणत्या फेरीतून आहे? उत्तर लेखी मागा. मूळ कागद ठेवून घेणाऱ्याला ते देऊ नका.

शहरात राहायचं असेल तर सरकारी वसतिगृहाचा अर्ज आधी करा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वाधार योजना आहे. भोजन, निवास आणि निर्वाह मिळून नागपूरसारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपयांपर्यंत मदत होते. जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी अशीच स्वयम् योजना, तिचं काम आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून चालतं: धारणी, पांढरकवडा, पुसद, अहेरी, देवरी, जे तुम्हाला लागू असेल ते. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. हे अर्ज फीच्या शिष्यवृत्तीपेक्षा वेगळे आहेत, एक भरला म्हणजे दुसरा भरला असं होत नाही.

## 7. महाडीबीटीवर अर्ज

महाडीबीटी हे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीच्या अर्जांचं पोर्टल. शक्यतो पहाटे किंवा सकाळी बसा, संध्याकाळी साइट रेंगाळते आणि भारनियमनाचा भरवसा नसतो. कॅफेवाल्याकडून भरून घेत असाल तरी शेजारी बसा आणि पडद्यावरचं वाचा. यूजर आयडी आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहा. कॅफेवाल्याने स्वतःचा मोबाइल नंबर आणि ईमेल टाकला तर पुढचे सगळे निरोप त्यालाच जातील.

1. आधार असलेला पर्याय निवडून ओटीपीने नोंदणी करा.
2. प्रोफाइल पूर्ण भरा: वैयक्तिक माहिती, पत्ता, पालक, चालू अभ्यासक्रम, मागील शिक्षण, वसतिगृह. उत्पन्न आणि जात दाखल्यावरचा बारकोड क्रमांक जसाच्या तसा टाका.
3. कॉलेज, शाखा आणि वर्ष निवडताना थांबा. एकाच नावाची दोन कॉलेजं, एकाच कोर्सचे दोन प्रकार यादीत दिसतात. प्रवेशपत्रावरचं नाव आणि कोड जुळवा.
4. कागद स्कॅन करा, मोबाइलने तिरपा फोटो काढू नका. एका फाइलचा आकार 256 केबीच्या आत ठेवा. लहान केल्यावर शिक्का आणि सही वाचता येते का ते मोठं करून पाहा.
5. योजना निवडा, अर्ज पुन्हा वाचा, मगच सादर करा.
6. अर्ज क्रमांक असलेली प्रिंट काढा.

खुल्या प्रवर्गातल्या अर्जाला कुटुंबातल्या फक्त दोन मुलांनाच लाभ घेत असल्याचं शपथपत्र, आणि शिक्षणात खंड असेल तर गॅपचं शपथपत्र लागतं. ते आधीच करून ठेवा.

> लक्ष द्या: महाडीबीटी आणि राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल यांचा खरा पत्ता "जीओव्ही डॉट इन" ने संपतो. शिष्यवृत्तीसाठी कोणी फोनवर ओटीपी मागितला, किंवा "मंजुरीसाठी" पैसे मागितले, तर तो चोर आहे. फोन ठेवा.

## 8. कॉलेजच्या टेबलावर

ऑनलाइन सादर झाला म्हणजे अर्ज पोहोचला, असं समजून गावी परत येऊ नका. तो आधी कॉलेजच्या लिपिकाच्या लॉगिनला जातो, मग प्राचार्यांच्या, मग विभागाच्या कार्यालयात. प्रिंट आणि कागदांचा संच कॉलेजात द्या, पोच घ्या. दर आठवड्याला लॉगिन करून स्थिती पाहा. त्रुटी काढून अर्ज परत पाठवला असेल तर ती दुरुस्त करून पुन्हा सादर करायला थोडेच दिवस मिळतात. निरोप मोबाइलवर येईलच, या भरवशावर राहू नका.

कॉलेजने पूर्ण फी आधी भरायला सांगितली तर आपण कोणत्या योजनेत आहोत ते लेखी कळवा आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. परतावा मागताना तीच लागते.

## 9. पैसे आल्यावर आणि न आल्यावर

खात्यात आलेल्या रकमेत कॉलेजची फीही असू शकते. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी कॉलेजला भरायची असते. बी-बियाण्याला किंवा घरच्या दुखण्याला ती रक्कम गेली की परीक्षेच्या तोंडावर हॉल तिकीट अडतं. रक्कम आली त्याच दिवशी कॉलेजच्या लेखा विभागात जाऊन किती कशाची, हे विचारून घ्या.

पैसे आलेच नाहीत तर या क्रमाने शोधा:

- अर्जाची स्थिती पाहा: कॉलेजात आहे, विभागात आहे की मंजूर झालाय.
- मंजूर असेल तर सीडिंग स्टेटस पुन्हा उघडा. मध्ये दुसरं खातं जोडलं गेलंय का ते पाहा.
- ज्या बँकेचं नाव दिसतं, तिथे पासबुक भरा. सगळ्यात जास्त वेळा पैसे इथेच सापडतात.
- व्यवहार फेल दाखवत असेल तर सीडिंग दुरुस्त करून त्याची पोच कॉलेजला आणि विभागाच्या जिल्हा कार्यालयाला द्या. पोर्टलवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवा.

दुसऱ्या वर्षी अर्ज आपोआप चालू राहील असं धरू नका. नूतनीकरण दरवर्षी करायचं, मागच्या वर्षाच्या मार्कशीटसह आणि योजना मागेल तिथे नव्या उत्पन्नाच्या दाखल्यासह. हजेरी कमी पडली किंवा वर्ष राहिलं तर त्याच आठवड्यात शिष्यवृत्ती लिपिकाला विचारा. कॉलेज बदलायचं असेल तर आधीच्या कॉलेजातला अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे ते पाहून मगच टीसी काढा.